जोडीदार व्हिसावरील संसार मोडल्यानंतर: ब्रिटनमधील एका प्रकरणाचा अभ्यास

जोडीदार व्हिसावर ब्रिटनमध्ये आलेल्या स्त्रीचा संसार मोडला की तिच्या तेथील वास्तव्याचे काय होणार, या प्रश्नाला आपल्याकडे साधारणतः दोन उत्तरे मिळतात. सासरची माणसे सांगतात की नवऱ्याने होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, एक ईमेल टाकला की पुढच्या विमानाने परत जावे लागेल. मैत्रिणी सांगतात की मुलगी ब्रिटिश आहे, तेव्हा तुला कोणी हात लावू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दोन्हींवर विश्वास ठेवून नुकसान करून घेतलेल्या स्त्रिया सल्लाकेंद्रांत नेहमी भेटतात. खाली मांडलेले प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या बाबी एकत्र करून ते उभे केले आहे. त्यातील नियम, मुदती आणि कायद्यांची कलमे मात्र प्रत्यक्षातली आहेत. सोयीसाठी संबंधित स्त्रीला अर्जदार आणि तिच्या पतीला पती असेच म्हटले आहे.

अर्जदार सांगली जिल्ह्यातील, वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवीधर. पती मूळचा पुण्याचा, संगणक क्षेत्रात नोकरी करणारा आणि लग्नाच्या आधीच ब्रिटिश नागरिकत्व घेतलेला. लग्न सांगलीत झाले आणि काही महिन्यांनी ती स्पाउस व्हिसावर लंडनला आली. बाहेरून येणाऱ्या जोडीदाराला हा व्हिसा प्रथम 33 महिन्यांचा मिळतो, त्यानंतर आणखी 30 महिन्यांची मुदतवाढ घ्यावी लागते, आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावरच कायम वास्तव्याचा, म्हणजे आयएलआरचा, अर्ज करता येतो. जुलै 2012 पूर्वी हा काळ दोन वर्षांचा होता. तो पाच वर्षांवर नेताना बनावट लग्नांना आळा घालणे हा हेतू सांगितला गेला, पण त्यामुळे घरातील सत्तेचा तोल किती बदलला याचा विचार फारसा झाला नाही, असे माझे मत आहे. दोन वर्षे दम धरता येतो. पाच वर्षांत मुले होतात, नोकरीतला खंड मोठा होतो, माहेरच्यांचे वय होते, आणि मध्ये मुदतवाढीचा एक अर्ज येतो, ज्यासाठी पतीच्या पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे आणि सह्या लागतात.

या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी निधी न मिळण्याची, अट असते. तिचा अर्थ असा की नोकरी करता येते, कर भरावा लागतो, परंतु युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता, घरभाड्यासाठीची मदत किंवा कौन्सिलचे (स्थानिक पालिकेचे) घर यांवर हक्क सांगता येत नाही. अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीच्या आश्रयगृहांचा खर्च मोठ्या प्रमाणावर घरभाडे-मदतीतून भागतो. त्यामुळे ही अट असलेल्या स्त्रीला ‘जागा आहे, पण तुमच्यासाठी पैसे कोठून येणार’ असे उत्तर मिळू शकते. अर्जदाराला हे आधी माहीत नव्हते. पतीला मात्र नेमके माहीत होते.

लंडनला आल्यावर अर्जदाराचे बँक खाते पतीने स्वतःच्या मोबाइलवरून उघडले आणि त्याचे कार्ड स्वतःकडे ठेवले. तिने एका गोदामात अर्धवेळ काम धरले. पगार त्या खात्यात यायचा आणि त्याच दिवशी पतीच्या खात्यात जायचा. मुलीचा जन्म झाल्यावर चाइल्ड बेनिफिट हा मुलांसाठीचा सरकारी भत्ता पतीच्या नावाने सुरू झाला. ब्रिटनमधील वास्तव्याचे प्लास्टिक कार्ड जाऊन आता ई-व्हिसा आला आहे, आणि तो पाहण्यासाठी यूकेव्हीआय या होम ऑफिसच्या व्हिसा विभागाचे ऑनलाइन खाते लागते. ते खातेही पतीने स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक देऊन उघडले होते. परिणामी आपला व्हिसा नेमका कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे अर्जदाराला स्वतःहून पाहता येत नव्हते. मालकाने कामाचा हक्क दाखवणारा शेअर कोड मागितला की तिला पतीला विचारावे लागे.

मुदतवाढीची वेळ जवळ येऊ लागली तेव्हा या परावलंबनाला धमकीचे रूप आले. फाइलमध्ये ठेवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांपैकी एक असा होता: “व्हिसा कोणाच्या जिवावर आहे ते लक्षात ठेव. फॉर्म भरायचा की नाही ते तुझ्या वागण्यावर आहे.” दुसऱ्या संदेशात तिच्या आईला फोन केल्याबद्दल जाब विचारला होता. मारहाणीचा प्रसंग एकच नोंदवता आला. मुलीच्या खोलीच्या दारात ढकलल्यामुळे तिच्या मनगटाला दुखापत झाली आणि शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. पोलिसांनी विचारपूस करून नोंद घेतली, घटनेचा क्रमांक दिला आणि पतीवर पुढे आरोप ठेवले नाहीत. त्या रात्री घरी एक कागदही न घेता बसलेल्या अर्जदाराच्या हाती एवढा क्रमांक राहिला.

माहेरच्यांचा पहिला प्रश्न होता, “मारतो का?” तिने एकदाच, असे सांगितल्यावर वडिलांचा सूर बदलला, कारण आपल्याकडे अत्याचार आणि मारहाण हे जवळजवळ एकच समजले जातात. इंग्लंड आणि वेल्समधील 2021 च्या घरगुती अत्याचार कायद्याने व्याख्या बरीच रुंद केली आहे. तिच्यात शारीरिक व लैंगिक छळाबरोबर धमकावणे, नियंत्रण व दबाव, आर्थिक छळ आणि मानसिक छळ यांचा स्पष्ट समावेश आहे. नियंत्रण व दबाव ठेवणारे वर्तन तर 2015 च्या गंभीर गुन्हे कायद्याच्या कलम 76 नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणून या प्रकरणात मनगटाच्या दुखापतीपेक्षा बँकेचे उतारे अधिक बोलके ठरणार होते, आणि पुढे तसेच झाले.

घर सोडण्याचे तात्कालिक कारण मारहाण नव्हते, तिकीट होते. मुलीचे जावळ गावी करायचे म्हणून पतीने तिघांची पुण्याची तिकिटे काढली. पासपोर्ट आणि तिकिटे एकाच पाकिटात ठेवली होती. अर्जदाराने ती चाळली तेव्हा पती आणि मुलगी यांची परतीची तिकिटे होती, तिचे नव्हते. भारतात नेऊन पत्नीला तेथेच सोडून येणे, तिचा पासपोर्ट काढून घेणे आणि इकडे होम ऑफिसला लग्न मोडल्याचे कळवणे, हा प्रकार दक्षिण आशियाई कुटुंबांत इतका परिचित आहे की त्याविरुद्ध ब्रिटनमधील स्त्री-संघटनांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे. अर्जदाराने त्याच आठवड्यात मुलीला घेऊन घर सोडले.

पहिल्या रात्रीपासूनच जागेचा प्रश्न आला. आश्रयगृहाने निधीचा प्रश्न पुढे केला, परंतु मुलगी सोबत असल्याने कौन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसकडे जाता आले. 1989 च्या बालक कायद्याचे कलम 17 गरजू बालकाला आणि त्याच्याबरोबर त्याच्या कुटुंबाला मदत करण्याचा अधिकार कौन्सिलला देते, आणि आईच्या व्हिसावरील अट त्याच्या आड येत नाही. पहिल्या भेटीत तेथील कर्मचाऱ्याने फक्त मुलीची सोय करण्याची भाषा केली. हे या प्रकरणातील सर्वात अप्रिय संभाषण होते. लेखी स्वरूपात, कलमाचा उल्लेख करून मागणी केल्यावर दोघींना तात्पुरती एक खोली मिळाली.

आता खरा प्रश्न उभा राहिला की अर्ज कोणता करायचा. जोडीदार व्हिसा ज्या नात्यावर मिळाला ते नाते संपले की होम ऑफिसला कळवणे बंधनकारक आहे, आणि कळवल्यावर उरलेली मुदत सहसा 60 दिवसांवर आणली जाऊ शकते. हे कळवण्याचे काम पतीलाही करता येते. त्याला व्हिसा रद्द करण्याचा अधिकार नाही, तो अधिकार फक्त होम ऑफिसचा आहे, आणि ते मुदत कमी करण्यापूर्वी परिस्थिती पाहू शकते. हा फरक अर्जदाराला दोनदा समजावून सांगावा लागला, कारण ‘एका ईमेलवर’ हे वाक्य तिच्या मनात इतके रुजले होते की प्रत्येक सरकारी पत्र म्हणजे देशाबाहेर काढण्याचा हुकूम असे तिला वाटे.

तिच्यापुढे तीन मार्ग होते. नोकरीच्या आधारावर स्किल्ड वर्कर व्हिसाकडे वळणे हा पहिला. तो देशात राहूनच करता येतो, पण प्रायोजक मालक लागतो, आणि जुलै 2025 पासून त्याची सर्वसाधारण वेतनमर्यादा वर्षाला 41,700 पौंड असून काम पदवी-पातळीचे असावे लागते. गोदामातील अर्धवेळ काम त्याच्या जवळपासही जात नव्हते. दुसरा मार्ग ब्रिटिश बालकाची आई म्हणून. अर्जदाराची मुलगी ब्रिटनमध्ये जन्मली आणि तिच्या जन्माच्या वेळी वडील ब्रिटिश नागरिक होते, म्हणून 1981 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 1 नुसार ती जन्मतः ब्रिटिश होती. पण मुलीचे नागरिकत्व आपोआप आईला मिळत नाही. आईला पालक म्हणून वेगळा अर्ज करून 30 महिन्यांची परवानगी घ्यावी लागते, आरोग्य-अधिभार वर्षाला 1,035 पौंडांप्रमाणे भरावा लागतो, निधी न मिळण्याची अट सहसा कायम राहते आणि आयएलआरचा पाच वर्षांचा प्रवास नव्याने सुरू होतो. मुलगी ब्रिटिश आहे म्हणजे सर्व झाले, हे म्हणणाऱ्या मैत्रिणींनी यातील एकही गोष्ट सांगितली नव्हती.

तिसरा मार्ग घरगुती अत्याचारग्रस्त जोडीदारांसाठीचा. नाते कायमचे संपले आणि त्याचे कारण घरगुती अत्याचार होते, हे दाखवता आले तर पाच वर्षे पूर्ण होण्याची वाट न पाहता थेट आयएलआर मिळू शकते. इंग्रजीची परीक्षा नाही, ब्रिटनच्या जीवनाविषयीची ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा नाही, उत्पन्नाची अट नाही. शुल्क मोठे आहे, एप्रिल 2025 पासून ते 3,029 पौंड होते, पण निराधार असल्याचे दाखवल्यास माफ होते. घटस्फोट झालेलाच असावा अशीही अट नाही. पुष्कळ स्त्रिया घटस्फोटाच्या निकालाची वाट पाहत व्हिसाची मुदत घालवतात, आणि ते पूर्णपणे अनावश्यक असते.

या मार्गाला जोडून एक सवलत आहे. तिची सुरुवात एप्रिल 2012 मध्ये झाली. त्यामागे साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या 1979 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने दीर्घकाळ केलेली मागणी होती. फेब्रुवारी 2024 पासून सवलतीचे नाव ‘मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन’ असे झाले. अर्ज विनाशुल्क असतो, एका छोट्या फॉर्मवर होतो आणि मंजूर झाला की तीन महिन्यांची परवानगी मिळते, जिच्यावर निधी न मिळण्याची अट नसते. त्यामुळे आश्रयगृह, युनिव्हर्सल क्रेडिट, सगळ्याची दारे उघडतात. अर्जदारासाठी हे वरदान होते. परंतु या सवलतीची एक बाजू फार काळजीपूर्वक समजून घ्यावी लागते. सवलत मंजूर होताच आधीचा व्हिसा संपतो आणि त्याची जागा या तीन महिन्यांनी घेतली जाते. अर्जदाराच्या व्हिसावर त्या वेळी जवळपास पाच महिने शिल्लक होते. सवलत घेतल्यावर ते गेले, आणि तीन महिन्यांच्या आत आयएलआरचा अर्ज गेला नसता तर ती विनापरवाना राहणारी व्यक्ती ठरली असती. मुदतीच्या आत अर्ज केला की 1971 च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 3सी नुसार निर्णय होईपर्यंत परवानगी आपोआप चालू राहते.

म्हणून माझ्या मते क्रम उलटा ठेवावा. सवलतीचा फॉर्म भरण्याआधी निदान पुराव्यांची यादी तयार असावी, कोणत्या संस्थेकडून कोणते पत्र येणार हे ठरलेले असावे आणि कायदेशीर सल्लागार मिळालेला असावा. निवाऱ्याची निकड असेल तर एवढे थांबता येत नाही, हे मान्य. पण अर्जदाराला कलम 17 ची खोली मिळालेली होती, त्यामुळे दोन आठवडे थांबून तयारी करता आली. अशा प्रकरणांना सरकारी खर्चाने कायदेशीर मदत मिळू शकते. उत्पन्नाची छाननी होते, पण हा विषय कायदेशीर मदतीबाबतच्या 2012 च्या कायद्यात मदतीच्या कक्षेत ठेवलेला आहे. याउलट तिच्या ओळखीच्या एका एजंटने ‘सहाशे पौंडांत सगळं करून देतो’ असे सांगितले होते. इमिग्रेशनचा सल्ला नोंदणीशिवाय देणे ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. नोंदणी पाहणाऱ्या संस्थेचे नाव जानेवारी 2025 पासून इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी असे झाले असून नाव त्यांच्या यादीत आहे का, हे कोणालाही तपासता येते. त्या एजंटचे नाव यादीत नव्हते.

तयारीच्या त्या दोन आठवड्यांत सर्वात आधी केलेले काम अगदी साधे होते. नवीन ईमेल उघडून यूकेव्हीआय खात्यावरील ईमेल आणि मोबाइल क्रमांक बदलून घेतले. तसे न करता अर्ज केला असता तर सवलत मंजूर झाल्याचे आणि पुढील प्रत्येक पत्र थेट पतीच्या फोनवर गेले असते.

पुराव्याचा भाग विस्ताराने सांगावा असा आहे. नियमात अमुक कागद असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. निर्णय ‘असे घडले असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा अधिक आहे का’ या कसोटीवर होतो. शिक्षा झाल्याचा निकाल, न्यायालयाचा संरक्षण-आदेश, पोलिसांचा अहवाल, आश्रयगृहाचे पत्र, डॉक्टरांची नोंद, सोशल सर्व्हिसेसचे मूल्यमापन, असे सर्व काही एकत्र तोलले जाते. 2007 मध्ये अपील न्यायालयाने असा निकाल दिला होता की ठरावीक कागदांचीच सक्ती करून इतर पुरावा बाजूला सारता येणार नाही. तरीही कागदांत वजनाचा फरक असतो. अर्जाच्या तयारीसाठी आत्ता मिळवलेल्या पत्रापेक्षा, अर्जाचा विचारही मनात नव्हता तेव्हा तिऱ्हाइताने केलेली नोंद अधिक पटते.

अर्जदाराची जीपीकडील, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडील, नोंद मागवली तेव्हा ती निराशाजनक निघाली. “झोप लागत नाही, घरची आठवण येते, पती सोबत आले असून दुभाष्याचे काम करत आहेत,” एवढाच मजकूर. ज्याच्याबद्दल बोलायचे तोच दुभाषा असल्यावर दुसरे काय लिहिले जाणार? पण बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरची नोंद निराळी होती. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांच्या कुटुंबांना ही सेवा मिळते, आणि आईला एकटीला गाठून घरात सुरक्षित वाटते का हे विचारण्याची पद्धत तीत रुळलेली आहे. एका भेटीत पती कामावर गेलेला होता. अर्जदाराने मोडक्या इंग्रजीत सांगितले होते की तिच्याकडे बँकेचे कार्ड नाही, डायपर आणायलाही पैसे मागावे लागतात, आणि फॉर्म न भरण्याची भीती घातली जाते. त्या बाईंनी ते जसेच्या तसे, तारखेसह, लिहून ठेवले होते आणि पुन्हा विचारपूस करण्याची नोंदही केली होती. घर सोडण्याच्या कितीतरी महिने आधीची ही चार ओळींची नोंद संपूर्ण फाइलमधील सर्वात वजनदार कागद ठरली. तिला बँकेच्या उताऱ्यांची जोड मिळाली. पगार जमा, त्याच दिवशी तेवढीच रक्कम वजा, असे सतरा महिने.

व्हॉट्सअ‍ॅप संदेश मराठीत होते. त्यांचे प्रमाणित भाषांतर लागते, आणि निवडक संदेश न देता मागचे-पुढचे सलग संभाषण द्यावे लागते, अन्यथा सोयीचे तेवढे उचलले असा आक्षेप येतो. पतीच्या शांत, प्रेमळ संदेशांचीही पाने त्यामुळे फाइलमध्ये गेली. अर्जदाराला ते अपमानास्पद वाटले. माझ्या अनुभवात अशी सलग पाने अर्जाला बाधत नाहीत. छळाचा प्रसंग, माफी आणि पुन्हा दबाव हा क्रम त्यांतूनच दिसतो.

प्रकरणातील सर्वात नाजूक टप्पा ब्रिटनमध्ये नव्हता, सांगलीत होता. घर सोडल्याचे कळताच पतीचे काका आणि दोन नातेवाईक अर्जदाराच्या माहेरी आले. त्यांनी सोबत हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खालील संयुक्त अर्जाचा मसुदा आणला. परस्परसंमतीने घटस्फोट, दागिने परत, कोर्टकचेरी नको, असा प्रस्ताव होता. अर्जदाराने लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयात जाऊन मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावे, एवढेच तिला करायचे होते. वडिलांना हा तोडगा सन्मानाचा वाटला. मसुद्यात विभक्ततेचे कारण म्हणून नेहमीचे वाक्य होते: “उभयतांच्या स्वभावातील भिन्नतेमुळे एकत्र नांदणे अशक्य झाले असून त्याबाबत कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार नाही.”

आपल्या कुटुंब न्यायालयांत हे वाक्य हजारो अर्जांत असते. कोणी त्याचा शब्दशः विचार करत नाही. ते भांडण मिटवण्याचे एक सभ्य सूत्र आहे. पण लंडनमधील अर्जाचा सगळा भार ‘नाते घरगुती अत्याचारामुळे संपले’ या एका मुद्द्यावर होता, आणि त्याच्या विरुद्ध, शपथेवर केलेले, तिच्याच सहीचे विधान भारतातील न्यायालयात दाखल होणार होते. पतीने ते होम ऑफिसला पाठवले असते तर निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्याला दोन विधानांपैकी एक निवडावे लागले असते. अर्जदाराला सल्ला देण्यात आला की आयएलआरचा निर्णय होईपर्यंत सही करू नये. नंतर संमतीने घटस्फोट घ्यायचाच असेल तर ‘कोणाचीही तक्रार नाही’ हे शब्द वगळूनही तो घेता येतो. वडिलांना हे पटायला वेळ लागला. शेवटी सल्लागाराने त्यांच्याशी फोनवर मराठीत बोलून कारण सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “दागिने राहू देत मग. तिचं आधी होऊ दे.”

इंग्लंडमधील घटस्फोटाचा कागदही या कामी उपयोगाचा नसतो. 6 एप्रिल 2022 पासून तेथे दोषविरहित घटस्फोट सुरू झाला आहे. अर्जात कारण सांगावेच लागत नाही, विवाह पूर्णपणे मोडल्याचे निवेदन पुरते. पूर्वी असह्य वर्तनाचे तपशील त्या अर्जात लिहिले जात आणि पुढे ते पुरावा म्हणून दाखवता येत. आता कारणाची नोंद अन्यत्र करावी लागते. या प्रकरणात ती कौटुंबिक न्यायालयाच्या संरक्षण-आदेशाच्या रूपाने झाली. अर्जदाराच्या निवेदनावर न्यायालयाने प्रथम पतीला न कळवता तात्पुरता आदेश दिला, आणि पुढील तारखेला पतीने आरोप मान्य न करता आदेशाचे पालन करण्याची हमी दिली. अशी हमी म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, आणि अर्जात ती तशी मांडली असती तर अतिशयोक्ती ठरली असती. म्हणून ती फक्त घटनाक्रमाचा भाग म्हणून दिली.

एका प्रश्नाचे उत्तर आधीच तयार ठेवावे लागले. घर सोडण्याच्या सुमारे आठ महिने आधी अर्जदार मुलीला घेऊन वेंबलीतील एका मैत्रिणीकडे गेली होती आणि चार दिवसांनी परतली होती. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर बैठक घेतली होती आणि तिची समजूत काढली होती. ती परत गेली म्हणजे छळ सहन करण्याजोगा होता आणि लग्न दुसऱ्याच कारणाने मोडले, असा तर्क होऊ शकतो. तिच्या निवेदनात बैठकीत कोण काय बोलले, पतीने कोणती वचने दिली, ती किती दिवस टिकली आणि पैशाचा व्यवहार पुन्हा केव्हापासून तसाच झाला, हे क्रमाने लिहिले. ‘मुलीच्या भविष्यासाठी’ परत गेले, असे एक वाक्य लिहून भागले नसते. परत जाणे हे आपल्या समाजात बहुधा एकट्या बाईचा निर्णय नसतोच, आणि ते अधिकाऱ्याला माहीत आहे असे गृहीत धरून चालत नाही.

पतीने दरम्यान होम ऑफिसला कळवले की पत्नी स्वतःहून निघून गेली आणि व्हिसा मिळवण्यासाठीच तिने लग्न केले होते. त्याला उत्तर म्हणून अर्जदाराने लग्नापूर्वीचे संभाषण, एकत्र भाड्याचा करार आणि मुलीचा जन्मदाखला जोडला. अर्ज तीन महिन्यांच्या मुदतीतील शेवटच्या पंधरवड्यात गेला, शुल्कमाफी मिळाली आणि काही महिन्यांनी आयएलआर मंजूर झाली.

हेच प्रकरण एका गोष्टीने बदलले असते तर निकाल उलटा झाला असता. पती ब्रिटिश नागरिक नसून स्किल्ड वर्कर व्हिसावर असता, तर अर्जदार त्याची डिपेंडंट, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेली जोडीदार, ठरली असती. ब्रिटनमधील मराठी संगणक-अभियंत्यांची पुष्कळ कुटुंबे याच स्थितीत आहेत. फेब्रुवारी 2024 पासून अशा डिपेंडंटनाही तीन महिन्यांची सवलत मिळते, पण थेट आयएलआरचा मार्ग त्यांना खुला नाही. तीन महिने निवारा मिळतो, त्यानंतर स्वतःच्या बळावर दुसरा व्हिसा मिळवायचा किंवा देश सोडायचा. छळ तोच, हेल्थ व्हिजिटरची नोंद तीच, फक्त पतीच्या पासपोर्टचा रंग वेगळा. 2021 च्या कायद्याने निर्माण केलेल्या घरगुती अत्याचार आयुक्तांनीही स्थलांतरित पीडितांना व्हिसाचा प्रकार न पाहता संरक्षण मिळावे अशी शिफारस केली आहे. सध्याची विभागणी मला समर्थनीय वाटत नाही. मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठीचा सर्वसाधारण काळ दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव आला. त्यात अत्याचारग्रस्तांचे आयएलआरचे संरक्षण कायम ठेवण्याचे म्हटले आहे, पण डिपेंडंटांच्या बाबतीत ही दरी बुजवण्याचा विचार त्यात नाही.

आणि अर्जदार त्या तिकिटावर पुण्याला गेली असती तर? 2022 पर्यंत परदेशात सोडून दिलेल्या पत्नीला हा मार्गच नव्हता, कारण अर्ज ब्रिटनमधूनच करावा लागे. त्या वर्षी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने एका परित्यक्त पत्नीच्या दाव्यात ही व्यवस्था भेदभावाची असल्याचे ठरवले, आणि 31 जानेवारी 2024 पासून नियमांत बदल होऊन परदेशातूनही अर्ज करता येऊ लागला. अशा स्त्रीने भारतात आल्याबरोबर पासपोर्ट काढून घेतल्याची पोलिसांत नोंद करावी. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केले आहे की सासर सोडून जेथे आश्रय घेतला तेथील न्यायालयातही पत्नीला छळाची तक्रार करता येते, म्हणजे सांगलीतली मुलगी सांगलीतच तक्रार करू शकते. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीय पतींविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे. ही नोंद फक्त भारतातील खटल्यासाठी नसते. परदेशातून आयएलआरचा अर्ज करताना तीच तारखेचा पुरावा होते.

अर्जदाराच्या बाबतीत दोन गोष्टी उरल्या आहेत. पहिली, भारतात ती अजून विवाहित आहे. पतीने इंग्लंडमध्ये दोषविरहित घटस्फोट घेतला तरी तो भारतात मान्य होईलच असे नाही. 1991 च्या नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की ज्या कायद्याखाली लग्न झाले त्यातील कारणावर आणि पत्नीच्या खऱ्या सहभागाने दिलेला परदेशी निकालच ग्राह्य धरावा, आणि विवाह भरून न येण्याइतका मोडणे हे हिंदू विवाह कायद्यात स्वतंत्र कारण नाही. त्यामुळे तिने सांगलीत क्रौर्याच्या कारणावर कलम 13(1)(ia) खाली अर्ज करण्याचे ठरवले आहे. त्यात दागिन्यांची यादीही जोडली आहे. दुसरी गोष्ट मुलीच्या प्रवासाची. आईने पतीच्या किंवा न्यायालयाच्या संमतीशिवाय मुलीला भारतात नेणे इंग्लंडच्या 1984 च्या बालअपहरण कायद्याखाली गुन्हा ठरू शकते, हे आजीला समजावणे सर्वात अवघड गेले, कारण आजीला नातीचे जावळ अजून करायचे आहे. न्यायालयात परवानगीचा अर्ज केला आहे आणि परतीची तिकिटे त्याला जोडली आहेत. सलग दोन वर्षे देशाबाहेर राहिल्यास आयएलआर संपते, म्हणून भेटी लहान ठेवण्याचे तिला सांगितले आहे. घटस्फोट झाल्यावर नागरिकत्वाचा अर्ज ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या तीन वर्षांच्या सवलतीने होणार नाही. तिला पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण करावे लागेल, आणि त्यातील शेवटचे बारा महिने आयएलआरवर काढलेले असावे लागतील.